पुढच्यास ठेच, मागच्यालाही ठेच

२०१९च्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत विद्यापीठ ओस पडलं होतं. त्या चार दिवसांत मी आमच्या संशोधनगटाच्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली. सेंटओएस ७ काढून नुकतीच आलेली सेंटओएस ८ घातली. मी तेव्हा पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात होते, आणि गटात जिला लिनक्स येतं तिच्याच गळ्यात सर्व्हर पडतो. शेजारच्या गटातल्या मित्राने त्याच्या मशीनला हातही लावला नाही. "चाललंय ना? मग चालू दे की," एवढंच त्याचं म्हणणं. वर्षभरानंतर तो शहाणा ठरला आणि मी उतावळी.

त्या वर्षात काय झालं, ते आपल्यापैकी आयटीत असलेल्यांना आठवत असेल. इतरांसाठी थोडी पार्श्वभूमी. रेड हॅट ही कंपनी लिनक्सची एक आवृत्ती सपोर्टसकट विकते, पण तिचा सोर्स कोड खुला असतो. तोच कोड घेऊन, कंपनीचं नाव आणि चिन्हं काढून, काही स्वयंसेवकांनी २००४ पासून सेंटओएस फुकट द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फर्मीलॅबने आणि जिनिव्हाजवळच्या सर्नने याच पद्धतीने 'सायंटिफिक लिनक्स' तयार केलं. विद्यापीठांना हे फार सोयीचं होतं. एकदा बसवलं की दहा वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहायच्या.

सर्व्हर कधी बदलायचा, या प्रश्नाला तेव्हा एक ठरलेलं उत्तर होतं: पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. सेंटओएसची रचनाच या म्हणीवर उभी होती. नव्या गोष्टी आधी फेडोरात यायच्या, तिथून निवडून रेड हॅटच्या विकाऊ आवृत्तीत, आणि सगळ्यात शेवटी सेंटओएसमध्ये. आपल्यापुढे दोघं चालताहेत या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो.

२०१४ मध्ये रेड हॅटने सेंटओएसला आपल्या पंखाखाली घेतलं. एप्रिल २०१९ मध्ये फर्मीलॅबने जाहीर केलं की सायंटिफिक लिनक्सची आठवी आवृत्ती काढणार नाही, त्याऐवजी सेंटओएस ८ वापरू. एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेने भिस्त ठेवली, तिथे माझ्यासारखीने शंका कशाला घ्यावी?

८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली. सेंटओएस ८चं आयुष्य २०२९ पर्यंत असेल असं आम्ही धरून चाललो होतो. ते आता ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार होतं. सेंटओएस ७ची मुदत मात्र जून २०२४ अखेरपर्यंत कायम राहिली. म्हणजे धाकटा थोरल्याच्या आधी जाणार! पुढे 'सेंटओएस स्ट्रीम' वापरा, असं सांगण्यात आलं. पण स्ट्रीममध्ये बदल रेड हॅटच्या मुख्य आवृत्तीच्या आधी येतात. मागून चालणाऱ्यांनाच पुढे उभं केलं होतं.

त्यानंतर दोन पर्याय उभे राहिले. मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आलं, आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स. दोन्ही त्याच कोडवर बांधलेली असल्यामुळे मला सर्व्हर नव्याने उभारावा लागला नाही. एक स्क्रिप्ट चालवली आणि एका संध्याकाळीत काम झालं. अवघड काम मी २०१९ मध्येच करून बसले होते: गटाचे जुने प्रोग्रॅम पायथन २ वरून पायथन ३ वर आणणं.

सर्न आणि फर्मीलॅब यांनी डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे घोषणेनंतर दोन वर्षांनी, अल्मालिनक्स निवडलं. त्यांची अडचण माझ्यापेक्षा कितीतरी मोठी होती. सर्नचा मोठा कोलायडर २०१८च्या अखेरीस लांब विरामासाठी थांबला होता आणि जुलै २०२२ मध्ये त्याच्यावर पुन्हा प्रयोग सुरू झाले. मोठ्या बदलांसाठी असा विरामच बरा. पण त्या विरामात ज्या आठव्या आवृत्तीवर जायचं ठरलं होतं, तीच बुडाली. सातवीची अखेरची तारीख मात्र प्रयोग ऐन भरात असताना आली. कंपनीचं कॅलेंडर आणि प्रयोगशाळेचं कॅलेंडर यांचा मेळ बसला नाही.

माझ्या मित्राने तीच तारीख गाठली. ३० जून २०२४ नंतर सेंटओएसच्या मिररची यादी देणारा पत्ता बंद झाला आणि त्याच्या मशीनवर साधं पॅकेजही उतरेना. गंमत म्हणजे १ जुलैलाच ओपनएसएसएचमधली एक गंभीर त्रुटी जाहीर झाली, आणि त्याचं मशीन तिच्यातून वाचलं, कारण त्यावरची आवृत्ती ती त्रुटी शिरण्याच्याही आधीची होती. "बघ, जुनं ते सोनं," असा त्याचा लगेच मेसेज आला. पण पुढच्या त्रुटीला दुरुस्ती मिळणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी त्याने सातवरून एकदम नऊवर उडी मारली. पायथन २ मधले प्रोग्रॅम लिहिणारे विद्यार्थी केव्हाच पास होऊन गेले होते. सगळं मार्गी लागायला त्याला दोन महिने लागले.

मग बरोबर कोण होतं? मी घाई केली, पण प्रोग्रॅम लिहिणारी माणसं हाताशी असताना केली. त्याने वाट पाहिली, पण वाट पाहण्याच्या त्या चार वर्षांत तयारी काहीच केली नाही. आज मला वाटतं की नवी आवृत्ती किती जुनी झाली, यावर निर्णय घेऊ नये. आपल्या कामात विराम कधी आहे, बदल निस्तरणारी माणसं तेव्हा असतील का, आणि सपोर्टचं वचन देणाऱ्याने शब्द फिरवला तर दुसरी वाट आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

आता मी दुसऱ्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे, आणि इथलाही सर्व्हर माझ्याच गळ्यात आहे. त्यावर अल्मालिनक्स ९ आहे, मुदत मे २०३२. ती तारीख मी मशीनवर चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने लिहिली आहे. दहाव्या आवृत्तीची चाचणी एका जुन्या मशीनवर डिसेंबरात घेईन, निम्मा गट सुट्टीसाठी भारतात गेलेला असताना.