गेरवा आपल्या वावरात राहत नाही

मागच्या बाजाराला राळेगावात एक काका म्हणाले, "औंदा गव्हाचं काड जाळूनच टाकतो बाप्पा, गेरवा त्यातच लपून राहते." गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

गेरवा म्हणजे तांबेरा, एक बुरशी. गहू हिरवा असतो तोवर तिची तांबडी भुकटी उडत राहते. त्यात नर-मादीचा संबंध नसतो. गहू पिकू लागला की बुरशीला इशारा मिळतो आणि ती जाड कवचाचे काळे बीजाणू धरते. इथून तिची लैंगिक पिढी सुरू होते. पण हे काळे बीजाणू रुजायला कडक थंडी लागते आणि पुढच्या मीलनाला दारुहळदीच्या कुळातलं झुडूप. आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ च्या सुमारास हे नातं सिद्ध केलं. त्या झुडपावर रोगाचे नवे प्रकार जन्मतात, म्हणून अमेरिकेने १९१८ पासून ती झुडपं उपटायची मोहीमच काढली.

मग आपल्याकडे काय? आगऱ्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं हाच प्रश्न धरून ठेवला. १९४० मध्ये त्यांचा ग्रंथ आला. उत्तर साधं होतं. मैदानातल्या उन्हाळ्यात हा रोग तगत नाही, आणि भारतात तो दरवर्षी येण्यात त्या झुडपाचा हात नाही. तो डोंगरांतून नव्याने येतो. १९७० च्या दशकात नागराजन आणि जोशी यांनी वाटही दाखवली: निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून, नोव्हेंबरच्या चक्रीवादळांच्या वाऱ्यावर, पावसासोबत मध्य भारतातल्या गव्हावर.

१९४६-४७ ला याच तांबेऱ्याने मध्य भारतातला गहू बसवला. दिवस रेशनचे होते, आपण तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होतो.

म्हणजे काका, आपल्या मे महिन्याच्या उन्हाने तुमचं काम फुकटात केलेलं असते. काड जाळून गेरवा जात नाही. जाते ते ढोरांचं कुटार अन् मातीचा कस. त्यापेक्षा तांबेऱ्याला दाद न देणारं वाण पेरा आणि वादळी पावसानंतर पानं उलटून पाहा. तांबडे फोड दिसले तर कृषी विभागाला लगेच सांगा.

तुमच्या गावात अजून काड जाळतात का? खाली लिहा.