एका विजेत्या संघाचे हिशेबी कागद

अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या संघांचे आर्थिक कागद जमविणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. पगाराचे चेक, खेळाडूंची करारपत्रे, वचनचिठ्ठ्या, क्लबांची भागपत्रे हे सारे लिलावात विकले जाते, आणि किंमत ठरते ती बहुधा मजकुरावरून नव्हे, तर तळाच्या सहीवरून. इतिहासाच्या अभ्यासकास हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. तथापि याच जातीच्या कागदांनी एका सर्वश्रुत कथेचा पाया अलीकडे बराचसा ढासळविला आहे, आणि साधनचिकित्सेच्या दृष्टीने ते प्रकरण पाहण्याजोगे आहे.

शिकागो व्हाइट सॉक्स हा संघ १९१७ साली वर्ल्ड सीरीज जिंकून अजिंक्य ठरला. दोन वर्षांनी त्याच मालिकेत तो सिनसिनाटी रेड्सकडून पाच सामन्यांविरुद्ध तीन असा हरला. जुगाऱ्यांशी संगनमत करून हा पराभव ओढवून घेतला, असा आरोप १९२० मध्ये आठ खेळाडूंवर आला. १९२१ च्या ऑगस्टमध्ये जूरीने आरोपींना निर्दोष ठरविले. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना खेळातून कायमचे बाहेर काढले. त्यांनी हे का केले असावे, याचे रूढ उत्तर असे की, मालक चार्ल्स कोमिस्की हा अत्यंत चिक्कू मनुष्य होता व उत्तम खेळाडूंना तो इतर क्लबांहून कमी पगार देई. एलियट असिनॉफ यांच्या १९६३ च्या ‘एट मेन आउट’ या पुस्तकाने आणि त्यावरील १९८८ च्या चित्रपटाने हे उत्तर घरोघरी पोहोचविले. ग्रंथ वाचनीय आहे यात शंका नाही, पण त्याची प्रकृती बखरीची आहे: संवाद भरपूर, आधार क्वचित.

या कथेस छेद मिळाला तो अगदी रूक्ष साधनातून. प्रत्येक खेळाडूच्या नावे कराराची मुदत, पगार व बक्षिसाच्या अटी नोंदविलेली कार्डे ठेवली जात. ही करारकार्डे कूपर्सटाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या ग्रंथालयात २००२ पासून अभ्यासकांना पाहावयास मिळू लागली. त्यांवरून केलेल्या बेरजांप्रमाणे १९१९ च्या हंगामारंभी व्हाइट सॉक्सचा एकूण पगारखर्च ८८,४६१ डॉलर होता, तर त्यांना हरविणाऱ्या रेड्सचा ७६,८७० डॉलर. म्हणजे कंगाल म्हणून प्रसिद्ध असलेला संघ वस्तुतः प्रतिस्पर्ध्याहून साडेअकरा हजारांनी महाग होता.

येथेच थांबून कोमिस्कीला निर्दोष ठरविणे मात्र घाईचे होईल. बेरीज ही बेरीज असते; तिच्या पोटात काय आहे ते वेगळे पाहावे लागते. त्याच संघात एडी कॉलिन्सला १५,००० डॉलर मिळत होते आणि फलंदाजीत त्याच्याहून कमी नसलेल्या जो जॅक्सनला ६,०००. शिवाय पगाराचा आकडा हा कराराचा एकच भाग. राखीव कलमान्वये खेळाडू पुढील हंगामासाठीही त्याच क्लबाशी बांधलेला राही. हे बंधन १९७५ च्या लवाद-निर्णयापर्यंत टिकले. उलट ‘दहा दिवसांच्या कलमा’मुळे क्लबास मात्र दहा दिवसांची सूचना देऊन खेळाडूला केव्हाही मोकळे करता येई. दोन पक्षांच्या करारात एकाचा काळ वर्षांनी मोजला जावा व दुसऱ्याचा दिवसांनी, ही गोष्ट कार्डावरील आकड्यांत उमटत नाही. ती पाहण्यासाठी मूळ करारपत्र, तेही संपूर्ण, हाती असावे लागते.

याचे उत्तम उदाहरण जॅक्सनचेच आहे. १९२० च्या आरंभी त्याने वार्षिक ८,००० डॉलरांचा तीन वर्षांचा करार केला. आरोपानंतर १९२१ मध्ये क्लबाने दहा दिवसांचे कलम पुढे करून तो संपुष्टात आणला. जॅक्सनने राहिलेल्या पगारासाठी दावा लावला. १९२४ च्या प्रारंभी तो मिलवॉकी येथे चालला. त्याचे म्हणणे असे की, हे कलम गाळले आहे असे क्लबाचे सचिव हॅरी ग्रॅबिनर यांनी आपणास तोंडी सांगितले आणि त्या शब्दावर आपण सही केली. जॅक्सनला लिहितावाचता जवळजवळ येत नव्हते; स्वतःचे नाव तो कष्टाने गिरवी, एरवी पत्नीच त्याच्या वतीने सही करी. ग्रॅबिनर यांनी ही हकीगत नाकारली. कागदावर कलम होते. ते नसल्याचे सांगणारा शब्द हवेत विरून गेला होता. तरी जूरीने जॅक्सनच्या बाजूने १६,७११ डॉलर ४ सेंटचा निकाल दिला. न्यायाधीशांनी तो रद्द केला, कारण १९२० मध्ये ग्रँड जूरीपुढे जॅक्सनने दिलेली जबानी व मिलवॉकीतील साक्ष यांचा मेळ बसत नव्हता. भाषेच्या अभ्यासकास या खटल्यात अधिक रस वाटावा असे मला वाटते: निरक्षराच्या सहीने मजकुराला संमती मिळते ती कितपत, हा प्रश्न येथे डॉलरांत मोजला गेला.

जॅक्सनने हाताने गिरविलेली नावे विरळ, म्हणून संग्राहकांच्या बाजारात ती सर्वांत महाग. १९९० साली अशी एक सही लिलावात २३,१०० डॉलरांना गेली. ती एका कायदेशीर दस्तऐवजातून कापून काढलेली होती. ज्या दस्तावर तिने मान्यता दिली तो मजकूर कात्रीच्या दुसऱ्या बाजूस राहिला. संग्राहकाचा हेतू सफल झाला. अभ्यासकाच्या दृष्टीने उरली ती केवळ शाईची रेघ. संग्राहकांना सरसकट दोष देण्याचे कारण नाही, कारण अनेक कागद अडगळीतून वाचले ते त्यांच्याच हौसेमुळे. पण सुटी विक्री झाली की कागदाचा शेजार तुटतो, आणि हिशेबी कागदाला अर्थ बहुतांशी शेजारामुळेच येतो.

२००७ च्या डिसेंबरमध्ये या प्रकरणातील कायदेविषयक कागदांचा एक मोठा गठ्ठा लिलावात आला. तो सहीसहीने फुटला नाही. शिकागो हिस्टरी म्युझियमने एकत्रच विकत घेतला.