‘जागा भाड्यानें देणें आहे’

‘जागा भाड्यानें देणें आहे’ ही चार शब्दांची पाटी गिरगांवांतील चाळींच्या दारांवर एके काळीं सर्रास लोंबत असे, असें आजोबांच्या तोंडून लहानपणीं ऐकलें, तेव्हां तें आम्हांस दंतकथेसारखें वाटलें होतें. भाडेकरूनें चार बिऱ्हाडें पाहून नाक मुरडावें आणि मालकानें त्यास गोड बोलून पुन्हां वर बोलवावें, असा काळ या शहरानें पाहिला आहे, यावर आज कोणाचा विश्वास बसावा? मध्यंतरीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो आतां घरांची दलाली करितो, लालबागेंतील एका उंच इमारतींतील घराची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आम्हांस मोबाइलवर पाठविली. खिडकींतून दिसणारें आकाश, मागें मंद संगीत, आणि कोपऱ्यांत काळ्या ठिपक्यांची एक चौकोनी आकृति. हीच चित्रफीत त्यानें इन्स्टाग्राम व फेसबुक यांवरहि प्रसिद्ध केली होती. ती पाहतांना आम्हांस ती पाटी आठवली. आणि पाटीपासून चित्रफितीपर्यंतचा प्रवास पाहूं गेल्यास मुंबईच्या सामाजिक मनाचा बराच इतिहास हातीं लागेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

डोळ्यांपुढें नसलेली जागा शब्दांनीं विकणें ही विद्या या शहरास नवीन नाहीं. सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, इंग्लंडच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला, आणि आमच्याकडील कापसास सोन्याचें मोल आलें. त्या पैशाच्या पुरांत बॅक बे भरून काढण्यासाठीं एक कंपनी निघाली. गिरगांवच्या चौपाटीवर उभें राहून पाहिल्यास जेथें केवळ लाटा दिसत, तेथील भावी जमिनीच्या आशेवर पांच हजारांचा भाग सुमारें पन्नास हजारांपर्यंत चढला. सन १८६५ च्या वसंतांत युद्ध थांबलें, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याच वर्षाच्या १ जुलै रोजीं, हिशेब चुकते करण्याच्या दिवशीं, अनेक पेढ्या बुडाल्या. समुद्र होता तेथेंच राहिला. अद्याप न बांधलेल्या घराचें चित्र दाखवून पैसे घेणाऱ्या आजच्या जाहिरातदाराचे पूर्वज ते हेच!

परंतु गरिबाच्या घराची जाहिरात क्वचितच होत असे. कोंकणांतून वा घांटावरून आलेला गिरणी कामगार परळ-लालबागेंत उतरे तो गांवकऱ्याचा पत्ता हातीं घेऊन. गांवच्या मंडळींनीं मिळून घेतलेल्या खोलींत त्याची वळकटी पडे. सन १८९६ च्या प्लेगनंतर, सन १८९८ मध्यें, सुधार ट्रस्ट स्थापन झाला व पुढें दादर-माटुंग्याकडे आंखीव वस्त्या उठल्या; त्या मुख्यतः मध्यम वर्गाच्या वांट्यास आल्या. कामगारांसाठीं सन १९२० मध्यें सरकारनें विकास खातें काढलें व त्यानें वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथें २०७ चाळी बांधल्या. खोली सुमारें १६० चौरस फुटांची. परंतु भाडें परवडेना, आणि वरळीसारख्या ठिकाणाहून गिरणी व बाजार दूर. त्यामुळें आरंभींचीं कित्येक वर्षें त्यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडून होत्या. गैरसोयीचें घर केवळ देणें आहे म्हटल्यानें भरत नाहीं, हा धडा सरकारास तेव्हां मिळाला.

पुढें चक्र उलटलें. दुसऱ्या महायुद्धांत शहरांत माणसांची रीघ लागली, नवें बांधकाम थंडावलें, आणि सन १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें सन १९४० च्या सप्टेंबरांतील भाडें हेंच बहुतेक जुन्या जागांचें प्रमाण भाडें ठरलें. भाडेकरूस संरक्षण मिळालें हें खरें. पण मालकास भाड्यांत जें मिळेना, तें तो पागडींत घेऊं लागला. कायद्यानें पागडी हा गुन्हा होता. गुन्ह्याची पाटी कोण लावणार? दारांवरची पाटी नाहींशी झाली आणि ‘अमक्या चाळींत एक खोली सुटते आहे’ ही वार्ता हॉटेलांतील टेबलावर, दलालाच्या ओठांतून इच्छुकाच्या कानांत जाऊं लागली. ज्या व्यवहाराची उघड वाच्यता करतां येत नाहीं, तो करणारा मनुष्य बदनाम होणारच. ‘दलाल’ शब्दास जी दुर्गंधि चिकटली, तिचें एक मूळ येथें आहे. सन २००० च्या ३१ मार्चपासून अंमलांत आलेल्या राज्याच्या नव्या भाडेनियंत्रण कायद्यानें पागडी घेणें वैध केलें. पण त्यापूर्वीं अर्धें शतक उलटून गेलें होतें.

दरम्यान गिरणगांवच लयास जाऊं लागलें होतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लक्ष कामगार उतरले. बहुतेक गिरण्या त्यानंतर सांवरल्याच नाहींत. गिरण्यांच्या जमिनीविषयींचे नियम सन १९९१ मध्यें झाले, सन २००१ मध्यें ते मालकांस अधिक अनुकूल झाले, आणि सन २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो बदल उचलून धरला. जेथें चिमण्या होत्या तेथें मनोरे उठले; आणि जाहिरातींनीं पहिला घाव घातला तो नांवांवर. लोअर परळाचें ‘अपर वरळी’ झालें! परळ म्हणतांच भोंगा ऐकूं येतो, आणि भोंग्याच्या आवाजांत महाग घर विकत नाहीं, हें विक्रेत्यानें अचूक ओळखलें.

येथें दलालाविषयीं न्यायाचे दोन शब्द बोलले पाहिजेत. सन २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यान्वयें, १ मे २०१७ पासून राज्यांत महारेराचा अंमल आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पांतील घरें विकणाऱ्या दलालास आतां स्वतःचीहि नोंदणी करावी लागते. सन २०२३ पासून परीक्षाहि द्यावी लागते. प्रकल्पाच्या जाहिरातींत नोंदणी क्रमांक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ठिपक्यांची आकृति, म्हणजे क्यूआर कोडहि हवा, कीं ज्यावर मोबाइल धरतांच प्रकल्पाची सरकारदरबारीं नोंदलेली माहिती पुढें यावी. खोट्या जाहिरातीस भुलून पैसे भरणाऱ्यास भरपाई मागण्याचा अधिकारहि या कायद्यानें दिला. सन १८६५ च्या भागधारकास यांतील कांहींच नव्हतें. अर्थात् चाळींतील पागडीची खोली किंवा भाड्याची जागा यांच्या जाहिराती या नोंदणीच्या कक्षेबाहेरच आहेत.

तथापि आमच्या मनांतील शंका निराळी आहे. जुन्या कांहीं पाट्यांखालीं अमुक जातीच्या मंडळींसच जागा मिळेल, असें लिहिलेलें असे. तें लाजिरवाणें होतें. पण रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकास तें वाचतां येई, आणि म्हणून त्याविरुद्ध बोलतांहि येई. घर नाकारलें जाणें म्हणजे काय, हें परळच्या सुधार ट्रस्टच्या चाळींत राहिलेल्या डॉ. आंबेडकरांस पुरेपूर ठाऊक होतें. सन १९१७ मध्यें बडोद्यास त्यांना पारशांच्या धर्मशाळेंतून लाठ्यांच्या धाकानें बाहेर काढण्यांत आलें होतें. आज समाजमाध्यमावर जाहिरात देणारा दलाल वय, वस्ती व आवडीनिवडी निवडतो, आणि ती जाहिरात तेवढ्यांच्याच पुढें येते. इतरांस आपणांस वगळलें आहे हें कळतहि नाहीं. अमेरिकेंत सन २०१९ मध्यें तेथील गृहनिर्माण खात्यानें याच कारणास्तव फेसबुकवर आरोप ठेवला, आणि सन २०२२ मध्यें त्या कंपनीनें तेथील न्याय खात्याशीं तडजोड करून घरांच्या जाहिरातींचा प्रेक्षक निवडण्याचें एक साधन बंद करण्याचें मान्य केलें. आमच्या सन २०१६ च्या कायद्यांत जाहिरात काय सांगते याचा विचार आहे. ती कोणास दाखविली जाते याचा नाहीं.

पुढें तो विद्यार्थी भेटला तेव्हां आम्हीं त्यास सहज विचारलें, “ही चित्रफीत कोणाकोणास दिसते?” तो मोकळेपणानें म्हणाला, “सर, तिशी ते पन्नाशीचे, मलबार हिल आणि कुलाब्याकडचे लोक मी निवडले आहेत. लालबागेंत दाखवून पैसे कशाला घालवूं?” त्याचे वडील गिरणींत होते, ते अद्याप त्याच मनोऱ्यामागच्या चाळींत राहतात. व्यापाराच्या दृष्टीनें त्याचें उत्तर चोख होतें, आणि कायद्याच्या दृष्टीनेंहि त्यानें कांहीं चूक केलेली नव्हती. क्रमांक होता, आकृति होती, कार्पेट एरिया बरोबर होता. फक्त ज्या जमिनीवर तें घर उभें आहे, तेथें आयुष्य घालविलेल्या माणसास तें विकाऊ आहे ही वार्ता त्याच्या मुलानेंच कळविली नव्हती.

घर परवडणें वा न परवडणें ही पुढची गोष्ट. परंतु तें आहे, आणि आपण वर जाऊन तें पाहूं शकतों, एवढें तरी जुनी पाटी प्रत्येकास सांगत असे. तेवढा मोकळेपणा नव्या जाहिरातीकडून मागणें, हें आम्हांस अवास्तव वाटत नाहीं.