अग्निशामक दलांचा दायित्व विमा

अग्निशामक दलाच्या निष्काळजी कृतीमुळे इतरांचे नुकसान झाल्यास द्यावी लागणारी भरपाई या विम्यातून दिली जाते. इंग्लंडमध्ये अशा दायित्वाची मर्यादा अपील न्यायालयाने १९९७ मध्ये स्पष्ट केली. १९९० मध्ये बेसिंगस्टोक येथील एका इमारतीस आग लागली असता अधिकाऱ्याने तेथील स्वयंचलित जलतुषार यंत्रणा बंद करविली. आग फैलावून इमारत नष्ट झाली. या नुकसानीस हँपशर परगणा परिषद जबाबदार ठरली. मात्र मदतीस न पोहोचणे किंवा आग विझविण्यात अपयश येणे, एवढ्याच कारणाने दायित्व उद्‌भवत नाही, असेही न्यायालयाने ठरविले. त्यामुळे अशा विम्याचा संबंध मूळ आगीच्या हानीशी नसून दलाच्या चुकीने वाढलेल्या हानीशी येतो.