न्हावा-शेव्याचा चिखल

मुंबई बंदराच्या पूर्वेस, घारापुरीसमोर, न्हावा आणि शेवा हीं गांवें आहेत. आज हीं नांवें घेतलीं कीं जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच याऱ्या आणि कंटेनरांच्या राशी डोळ्यांपुढें येतात. परंतु या खाडीचा जुना माल फार लहान आकाराचा होता: चिंबोऱ्या, खुबे, तिसऱ्या, कालवें. हा माल तळाच्या चिखलांत राहतो. त्याचा इतिहास फारसा कोणीं लिहिला नाहीं, याचें कारणहि तेंच असावें.

शास्त्रानेंहि त्याची दखल उशिराच घेतली. १८९० च्या सुमारास हेकेल या जर्मन शास्त्रज्ञानें तळवासी जीवसमूहास ‘बेंथॉस’ ही संज्ञा दिली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खोली. पुढें पीटरसन या डॅनिश शास्त्रज्ञानें तळाचा गाळ उचलणारा लोखंडी पंजा वापरून ठराविक जागेंत किती प्राणी राहतात हें मोजण्याची रीत घातली. कोळणींना अशा पंजाची गरज कधींच भासली नाहीं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत ओहोटी सर्वांत दूर हटते, हें जाणून त्या चिखलांत उतरत. अमावास्येची चिंबोरी भरलेली, हें तर मुंबईच्या स्वयंपाकघरांतहि ठाऊक आहे.

तिवरांच्या मुळांशीं असलेला चिखल काळा आणि उग्र वासाचा असतो. त्यांत प्राणवायु वरच्या कांहीं मिलिमीटरांपलीकडे सहसा शिरत नाहीं. खेकडे व कृमि बिळें पाडतात, तेव्हां हवा आणि पाणी खोलवर पोहोंचतें. गळलेलें पान खेकडा बिळांत ओढून नेतो, कुरतडतो. त्या भुग्यावर सूक्ष्म जंतु वाढतात, आणि त्यांवर कोळंबी व माशांचीं पिलें पोसतात. तिवरें किनारा राखतात असें आपण म्हणतों. त्या तिवरांची मशागत मात्र हे बिनकण्याचे जीव करीत असतात.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठीं जमिनी घेतल्या जाऊं लागल्या. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं उरण भागांतील शेतकरी उठले. गोळीबारांत पांच जण बळी पडले. त्या लढ्यांतून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचें धोरण आलें. शेताला सातबारा होता, म्हणून भांडावयास निदान कागद तरी होता. भरतीओहोटीच्या पट्ट्यांत हात घालून पोट भरणाऱ्यांचें नांव कोणत्या उताऱ्यावर असणार?

२६ मे १९८९ रोजीं बंदर सुरू झालें. भराव पडले, जहाजांसाठीं तळ खोदला गेला. बंदराच्या हिशेबांत तळ खोदणें ही नित्याची बाब. तळवासी प्राण्यांच्या दृष्टीनें तें गांव उठविणेंच. मासा दूर निघून जातो, शिंपल्याला पळतां येत नाहीं.

२००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील खारफुटी तोडण्यास मनाई केली. त्यानें झाडांना संरक्षण मिळालें. कोळ्यांच्या बुडालेल्या रोजीचा हिशेब आणखी दहा वर्षांनीं झाला. बंदराच्या विस्तारामुळें खाडीचें येणेंजाणें अडलें व तिवरें नष्ट झालीं, अशी त्यांची तक्रार होती. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणें येथील पीठानें १,६३० कुटुंबांना एकंदर ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भागाकार केल्यास कुटुंबामागें ५ लाख ८४ हजार. चिखलांतल्या रोजीला सरकारी कागदावर आकडा मिळाला तो असा, ती गेल्यावर.

१२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. हिवाळ्यांतल्या ओहोटीस शिवडीच्या बाजूनें पाहिलें, तर लांब चोंचींचे पाणपक्षी गाळ चाळतांना दिसतात. तेहि तोच माल शोधीत असतात.