खिडक्यांची मांडणी (लिनक्स डेस्कटॉप)
लिनक्सवर प्रोग्रॅमची खिडकी पडद्यावर कुठे आणि केवढी उघडावी, याचा अंतिम निर्णय विंडो मॅनेजर घेतो. प्रोग्रॅम केवळ विनंती करतो. १९८७ च्या एक्स११ प्रणालीत त्याला निदान जागा तरी मागता येई. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँड प्रणालीत सामान्य खिडकीला आपण पडद्यावर कुठे आहोत हेही कळत नाही. सुरक्षिततेसाठी हे योग्यच. पण खिडकी पुन्हा जुन्या जागी उघडत नाही, ही तक्रार त्यातूनच येते. १०२४ × ६०० पिक्सेलच्या नेटबुकवर तर सेटिंगच्या चौकटी इतक्या उंच उघडत, की ‘ओके’चे बटण पडद्याखाली जाई. अशा वेळी ग्नोम डेस्कटॉपमध्ये ऑल्ट+एफ७ दाबून खिडकी सरकवता येते, ऑल्ट+एफ८ दाबून आकार बदलता येतो. केडीई डेस्कटॉपच्या के-विन या विंडो मॅनेजरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी जागेचे व आकाराचे कायमचे नियम ठरवता येतात.