तीन रकान्यांची वही

बेळगावच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना १९१६ची के. एल. ई. संस्था येते, १९३३चे लिंगराज कॉलेज येते. शहापूर, वडगाव, अनगोळच्या ओसऱ्यांवर दिवेलागणीनंतर भरणाऱ्या विज्ञानाच्या शिकवण्या मात्र त्यात कुठे येत नाहीत. अशा शिकवण्या घेण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून ही नोंद.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. मराठी माध्यमाच्या शाळा दहावीपर्यंत चालू राहिल्या, पुढे पी. यू. सी.चे विज्ञान मात्र इंग्रजीत. मार्चमध्ये ‘त्वरण’ लिहून चांगले गुण मिळवणारा मुलगा जूनमध्ये ‘ॲक्सिलरेशन’ ऐकून मान खाली घालून बसे. त्याची बुद्धी दोन महिन्यांत कुठे गेली नव्हती. शब्द गेले होते. इतर शहरांत शिकवणी चार गुण जास्त मिळावेत म्हणून लावत. आमच्याकडे ती ओढ्यावरच्या साकवासारखी होती.

म्हणून नववीपासूनच मुलांना तीन रकान्यांची वही घालायला लावत असे : मराठी, इंग्रजी, कन्नड. त्वरण, ॲक्सिलरेशन, वेगोत्कर्ष. प्राणवायू, ऑक्सिजन, आम्लजनक. या दुसऱ्या ओळीवर एक अख्खी संध्याकाळ जाई. ऑक्सिजन हे नाव लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले, ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थाने. कन्नडने तोच अर्थ घेतला. पण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतोच, म्हणजे मूळ समजूतच चुकीची होती! मराठीने श्वासाकडे पाहून नाव ठेवले. तीन शब्द शेजारी ठेवले की मुलांना नावामागचा विचार दिसे, आणि शेजारच्या भाषेचा धाकही कमी होई.

मराठीतले हे शब्द आयते मिळालेले नाहीत. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी एकोणिसाव्या शतकातच रसायन व पदार्थविज्ञानावर मराठीत ग्रंथ लिहिले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. त्या परंपरेचे टोक आमच्या ओसरीपर्यंत पोचले होते.

१९९४ पासून कर्नाटकात सी. ई. टी. आली आणि शिकवणीचा नूर पालटला. ‘का?’ मागे पडले. चार पर्यायांतून एक, तोही झटपट. ओसरीची जागा बाकांच्या क्लासने घेतली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, असे मार्गदर्शक सूत्र काढले. मुलांवरचा ताण दिल्लीपर्यंत पोचला म्हणायचा.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ २०१७ पासून मराठीतही देता येऊ लागली. आनंद झाला, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर, कर्नाटकातल्या केंद्रांवर कन्नड. बेळगावात बसणाऱ्या मराठी मुलाला पुन्हा इंग्रजीच गाठावी लागते. साकवाची गरज संपलेली नाही. साकव बांधणारे तेवढे कमी झाले.

आता नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. त्यांना ऑक्सिजन ठाऊक आहे. प्राणवायू कोणी सांगायचा? तो क्लासमध्ये मिळणार नाही, घरातच सांगावा लागेल. यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अशी एखादी वही सापडली, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका. सीमाभागातल्या एका पिढीने विज्ञान कसे शिकून घेतले, याचा तो पुरावा आहे.